लघुग्रहाची जमीन : डोळ्यांनी पाहिलेली आणि हाताने चाचपलेली

‘जमीन’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा अर्थ कोणी विचारला तर क्षणभर गोंधळल्यासारखे होते. गोव्याच्या पेडणे तालुक्यात, आमच्या धारगळच्या बाजूला, जमीन म्हणजे जांभा. पावसाळ्यात त्या सड्यावर गवत आणि रानफुले डोलतात, उन्हाळ्यात तोच सडा तव्यासारखा तापतो आणि त्यातूनच चिरे काढून आम्ही घरे बांधतो. अशा जमिनीवर पाय ठेवला की ती आपल्याला तोलून धरते. पायाखाली काहीतरी असणे आणि त्याने आपला भार पेलणे या दोन गोष्टी आपल्या लेखी एकच असतात.

परंतु २००१ सालापासून मानवाने पाठविलेली काही याने पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या लघुग्रहांना जाऊन टेकली आणि तेथे या दोन गोष्टींची फारकत झालेली आढळली. पृष्ठभाग आहे, त्यावर घराएवढे धोंडे आहेत, छायाचित्रात सारे भक्कम दिसते. पण स्पर्श केला की हात आत जातो! ही हकीगत मोठी मनोरंजक आहे, आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे ती केवळ मनोरंजनापुरती नाही.

बेळगावला शिकावयास आल्यावर आमच्या विज्ञान मंडळात मी या विषयावर एक टिपण वाचले होते. त्या वेळी एका कन्नड मित्राने सांगितले की, ज्याला आपण मराठीत ‘लघुग्रह’ म्हणतो त्याला कन्नडमध्ये ‘क्षुद्रग्रह’ म्हणतात. नंतर त्यानेच विचारले, “इतक्या क्षुद्र वस्तूवर यान उतरते म्हणजे नेमके कशावर उतरते?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर चार वाक्यांत देण्याजोगे नव्हते. तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहे.

लघुग्रह म्हणजे काय?

सूर्यमाला तयार होत असताना ग्रहांच्या बांधणीत जे सामान वापरले गेले नाही, किंवा वापरले जाऊन पुन्हा फुटले, ते म्हणजे लघुग्रह. त्यांपैकी बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान फिरतात. पहिला लघुग्रह, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजी इटलीतील पालेर्मो येथून पियाझ्झी या ज्योतिर्विदाला दिसला. मात्र काही लघुग्रह मूळ पट्ट्यातून निसटून सूर्याच्या अधिक जवळ येतात. ज्यांची कक्षा सूर्यापासून सुमारे १९.५ कोटी किलोमीटरच्या आत येते त्यांना ‘पृथ्वीनिकट’ असे म्हणतात. असे ३५ हजारांहून अधिक लघुग्रह आजवर नोंदले गेले आहेत. यांतला पहिला, इरॉस, १३ ऑगस्ट १८९८ रोजी बर्लिन येथे गुस्ताव विट यांनी शोधला.

‘निकट’ या शब्दाचा अर्थ किती जवळचा असू शकतो याचा दाखला आपल्या मुंबईतूनच मिळतो. १६ ऑगस्ट २०२० रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेनऊच्या सुमारास ३ ते ६ मीटर आकाराचा एक लघुग्रह हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून केवळ २,९५० किलोमीटर अंतरावरून निघून गेला. पृथ्वीच्या आकर्षणाने त्याची वाट सुमारे ४५ अंशांनी वळली. कॅलिफोर्नियातील दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत तो शोधून काढणाऱ्यांत मुंबईच्या आय. आय. टी.मधील कुणाल देशमुख आणि कृत्ती शर्मा हे विद्यार्थी होते; प्रा. वरुण भालेराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते हे काम करीत होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ज्या चित्रात तो प्रथम टिपला गेला ते चित्रच मुळी तो जवळून निघून गेल्यावर सहा तासांनी घेतलेले होते. आकाराने लहान असल्यामुळे तो येऊन आदळता तरी बहुधा वातावरणातच फुटला असता. पण सगळेच लघुग्रह इतके लहान नसतात.

लोणार आणि काटोल

मोठा लघुग्रह आदळला म्हणजे काय होते हे पाहावयास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्या विवरात आहे ते सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे मुख असावे असा समज होता, कारण भोवतालचा सारा प्रदेश लाव्हापासून झालेल्या काळ्या बसॉल्ट खडकाचा आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथे भोके पाडून तळाचे खडक बाहेर काढले गेले. त्यांत चिरडलेला खडक, काचेसारखे झालेले कण आणि प्रचंड दाबाखालीच तयार होणारे मास्केलिनाइट आढळले. असा दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही. तो आघातानेच होतो. लवणासुराला विष्णूने येथे गाडले अशी तेथील दंतकथा आहे. आकाशातून काहीतरी आले आणि भूमी खचली, एवढ्यापुरते शास्त्रज्ञांचे म्हणणे त्या कथेपासून फार दूर नाही.

याउलट लहान तुकडे आले तर ते हाती लागतात. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोलच्या परिसरात उल्कापाषाणांचा वर्षाव झाला. ते दगड ‘साधारण कॉन्ड्राइट’ या जातीचे निघाले. पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांत हीच जात सर्वांत अधिक आढळते. पण असा दगड हाती येईपर्यंत वातावरणातून येताना वरून भाजलेला असतो, आणि जमिनीवर पडला की पाणी, माती, जंतू हे सगळे त्याला चिकटते. शिवाय तो नेमक्या कोणत्या लघुग्रहाचा हेही त्यावर लिहिलेले नसते. म्हणून उगमापाशीच जाऊन नमुना आणावा, हा विचार पुढे आला.

वजनच नसलेली भूमी

लघुग्रहावर उतरण्यातली खरी अडचण अंतराची नसून गुरुत्वाकर्षणाची आहे. तीही ते फार असल्यामुळे नव्हे, जवळजवळ नसल्यामुळे येते.

बेन्नू या लघुग्रहाचा व्यास सुमारे ४९० मीटर आहे. त्याचे आकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक लाख वीस हजारांश भरते. म्हणजे ६० किलो वजनाचा माणूस तेथे काट्यावर उभा राहिला, तर काटा अर्धा ग्रॅम दाखवील! आमच्याकडे १५ मीटर उंच माडावरून सुटलेला नारळ पावणेदोन सेकंदांत खाली येतो. बेन्नूवर तितक्याच उंचीवरून सोडलेल्या नारळाला खाली पोचावयास दहा मिनिटे लागतील, आणि तो टेकेल तोही सेकंदाला पाच सेंटिमीटर इतक्या मंद गतीने. हे गणित बारावीच्या सूत्राने कोणीही करून पाहावे.

आता याची दुसरी बाजू पाहा. बेन्नूवरील मुक्तिवेग, म्हणजे ज्या वेगाने वर फेकलेली वस्तू पुन्हा खाली येत नाही तो वेग, सेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर आहे. आपण रमतगमत चालतो तो वेगसुद्धा याच्या कितीतरी पट असतो. तेव्हा तेथे कोणी उडी मारलीच, तर ती त्याची त्या लघुग्रहावरची शेवटची उडी ठरेल.

अशा ठिकाणी ‘उतरणे’ हा शब्दच फसवा आहे. यान जरा जोराने टेकले तर चेंडूसारखे परत उसळते, आणि चाके लावली तरी पकड मिळत नाही, कारण पकड वजनातून येते. भरीस भर म्हणजे पृथ्वीवरून हुकूम सोडून ते चालविताही येत नाही. यानाने बेन्नूला स्पर्श केला त्या दिवशी तेथून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचावयास साडेअठरा मिनिटे लागत होती. यान काय करते आहे हे येथे कळेपर्यंत तेथे सारे होऊन गेलेले असे. म्हणून शेवटच्या टप्प्यात यानाने आपले निर्णय आपणच घ्यावयाचे असतात.

इरॉस : न ठरविलेले अवतरण

लघुग्रहावर टेकलेले पहिले यान म्हणजे अमेरिकेचे ‘निअर शूमेकर’. ते १७ फेब्रुवारी १९९६ रोजी निघाले. डिसेंबर १९९८ मध्ये वेग बदलताना त्याचे इंजिन मध्येच बंद पडले आणि इरॉसची पहिली भेट हुकली. पण हिशेब पुन्हा मांडून १४ फेब्रुवारी २००० रोजी त्याला इरॉसभोवती कक्षेत बसविण्यात आले. इरॉस सुमारे ३४ किलोमीटर लांब आहे, तेव्हा लघुग्रहांत तो मोठाच. तेथे आपल्या ६० किलोच्या माणसाचे वजन, ठिकाणानुसार कमीजास्त, पस्तीसेक ग्रॅम भरावे.

हे यान उतरण्यासाठी बांधलेलेच नव्हते. त्याला पायसुद्धा नव्हते. काम संपत आल्यावर, इंधन शिल्लक आहे तर खाली नेऊन पाहू, असे ठरले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी ते हळूहळू खाली आले, वाटेत छायाचित्रे पाठवीत राहिले, शेवटचे चित्र सुमारे १२० मीटर उंचीवरून आले आणि यान अलगद टेकले. ते मोडले तर नाहीच, उलट २८ फेब्रुवारीपर्यंत तेथून संदेश देत राहिले. चित्रांत एक नवल दिसले. काही विवरांच्या तळाशी बारीक धूळ इतकी सपाट साचलेली होती, की शास्त्रज्ञांनी तिला ‘तळी’ असे नाव दिले. पाणी नसताना, आकर्षण इतके अल्प असताना, धूळ सखल भागाकडे कशी सरकत जाते हा नवा प्रश्न त्यातून उभा राहिला.

इटोकावा : दगडांचा ढीग

यानंतर जपानने ‘हायाबुसा’ हे यान ९ मे २००३ रोजी इटोकावाकडे पाठविले. जपानी अग्निबाणविद्येचे जनक हिदेओ इटोकावा यांचे नाव या लघुग्रहाला दिलेले आहे. त्याची लांबी ५३५ मीटर. सप्टेंबर २००५ मध्ये यान जवळ पोचले आणि चित्रे पाहून सर्वांनी आश्चर्याने तोंडात बोटे घातली. आघातांची मोठमोठी विवरे दिसतील अशी कल्पना होती. प्रत्यक्षात एकीकडे नुसते धोंडे आणि दुसरीकडे खडीचा सपाट पट्टा! वस्तुमान व आकारमान यांवरून घनता काढली तेव्हा ती १.९ भरली. ज्या जातीच्या दगडाचा तो बनला आहे तो याहून बराच जड असतो. याचा अर्थ आतील सुमारे ४० टक्के जागा पोकळ होती. इटोकावा हा एकसंध खडक नव्हताच. कधीकाळी फुटलेल्या एखाद्या मोठ्या लघुग्रहाचे तुकडे आपापल्या आकर्षणाने पुन्हा गोळा होऊन झालेला तो ढीग होता.

ढीग म्हटला की आम्हा गोव्याच्या लोकांच्या डोळ्यांपुढे खाणीचे डंप येतात. माझे एक काका डिचोली तालुक्यात खाणीवर टिपर चालवीत असत. हा विषय त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, “बाबा, डंपाच्या कडेला गाडी मागे घेताना खाली जमीन आहे की नाही हे आधी चाकाला कळते, डोळ्याला मागाहून.” लघुग्रहांच्या संशोधनाचा सारा सारांश मला या एका वाक्यात सापडला. डंप दुरून डोंगरासारखा दिसतो, त्यावर झुडपेही उगवतात. पण तो डोंगर नव्हे. त्याचे खडे एकमेकांवर केवळ वजनाने आणि घर्षणाने टेकलेले असतात. लघुग्रहावर तर वजनच नाही. तेव्हा तेथला ढीग किती नाजूकपणे टेकलेला असेल याची कल्पना करावी.

हायाबुसाच्या वाट्याला संकटे मात्र पुष्कळ आली. त्याने १२ नोव्हेंबर २००५ रोजी सोडलेले उड्या मारणारे छोटे यंत्र पृष्ठभागावर न पडता अवकाशात निघून गेले. २० नोव्हेंबरच्या पहिल्या प्रयत्नात यान उसळून शेवटी सुमारे अर्धा तास इटोकावावरच बसून राहिले, आणि पृथ्वीवर त्याचा पत्ता मागाहून लागला. २६ तारखेच्या दुसऱ्या प्रयत्नात गोळी झाडून दगड उडवावयाचा होता, पण गोळी सुटलीच नाही. पुढे इंधन गळाले आणि सुमारे सात आठवडे यानाशी संपर्कही तुटला. तरीही १३ जून २०१० रोजी त्याची कुपी ऑस्ट्रेलियाच्या वूमेरा भागात उतरली. यान आपटले तेव्हा उडालेली धूळ कुपीत शिरली होती. साधारण दीड हजार कण मिळाले, बहुतेक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. पण तेवढ्यावरून एक जुना वाद मिटला. इटोकावा ज्या वर्गात मोडतो ते लघुग्रह आणि आपल्याकडे पडणारे साधारण कॉन्ड्राइट उल्कापाषाण यांचे रंग दुर्बिणीतून जुळत नसत. कण तपासल्यावर दिसले की द्रव्य एकच. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या माऱ्याने वरचा थर तेवढा काळवंडतो. काटोलच्या शेतशिवारात पडलेले दगड आणि इटोकावाची धूळ ही एकाच मोठ्या कुळातली, पण निराळ्या शाखांतली आहेत.

ऱ्युगू : सपाट जागेचा शोध

अनुभवाने शहाणे झालेल्या जपानने ३ डिसेंबर २०१४ रोजी ‘हायाबुसा-२’ पाठविले. सुमारे ९०० मीटर व्यासाच्या ऱ्युगूजवळ ते २७ जून २०१८ रोजी पोचले. उतरण्यासाठी १०० मीटर रुंदीची मोकळी जागा मिळेल असे धरले होते. तशी एकही जागा मिळाली नाही! जिकडे तिकडे धोंडेच. ऑक्टोबरमधले अवतरण पुढे ढकलावे लागले, आणि अखेर जी जागा निवडली ती जेमतेम ६ मीटर रुंद होती.

दरम्यान २१ सप्टेंबर २०१८ रोजी दोन लहान यंत्रे खाली सोडण्यात आली. वजन प्रत्येकी एक किलोच्या आसपास, आकार एखाद्या डब्याएवढा. त्यांना चाके नव्हती. आत बसविलेली मोटर फिरली की झटक्यासरशी यंत्र उडी मारी. एक उडी पंधरा मिनिटेपर्यंत चालू शके आणि तेवढ्यात ते पंधरा मीटर दूर जाई. लघुग्रहाच्या पृष्ठभागावर हिंडलेली ही पहिली यंत्रे होत. ३ ऑक्टोबरला जर्मनी व फ्रान्स यांनी बनविलेले ‘मॅस्कॉट’ उतरले आणि बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे सुमारे सतरा तास, त्याने काम केले.

यानाने २२ फेब्रुवारी २०१९ रोजी पहिला स्पर्श केला. नंतर ५ एप्रिलला एक विलक्षण प्रयोग झाला. दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने ऱ्युगूवर मारण्यात आला. कठीण खडकात अशा गोळ्याने फार तर लहानसा खड्डा पडावा. येथे साडेचौदा मीटर रुंद खड्डा पडला! पृष्ठभागाला स्वतःची अशी ताकद जवळजवळ नव्हती. खडे बांधून ठेवणारे होते ते केवळ त्या दुबळ्या आकर्षणाचे बळ. उघड्या झालेल्या आतल्या मालाचा नमुना यानाने ११ जुलैला घेतला. ६ डिसेंबर २०२० रोजी ५.४ ग्रॅम द्रव्य पृथ्वीवर आले. म्हणजे चहाचा एक चमचा साखर म्हणा ना! परंतु त्यात अमिनो आम्ले आणि सजीवांच्या आर. एन. ए.चा घटक असलेले युरासिल आढळले.

बेन्नू : हात आत गेला

अमेरिकेचे ‘ओसायरिस-रेक्स’ ८ सप्टेंबर २०१६ रोजी निघून ३ डिसेंबर २०१८ रोजी बेन्नूला पोचले. बेन्नू किती लवकर तापतो आणि निवतो याचे दुर्बिणीतून मापन झालेले होते, आणि त्यावरून तेथे बारीक वाळूची पटांगणे असावीत असा तर्क होता. जवळून पाहिले तो धोंड्यांचे रान! तेथील धोंडे आतून सच्छिद्र असल्यामुळे वाळूसारखे वागत होते, असे मागाहून ध्यानात आले. त्याहून नवल म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये बेन्नू स्वतःच बारीक खडे अवकाशात फेकताना दिसला. पन्नास मीटर रुंद जागा धरून आखलेला बेत सुमारे सोळा मीटरच्या जागेत बसवावा लागला.

यानाला ३.३५ मीटर लांबीचा हात होता. त्याच्या टोकाने जमिनीला स्पर्श करावयाचा, नायट्रोजन वायूचा झोत सोडावयाचा, उडालेले खडे डब्यात धरावयाचे आणि लगेच मागे फिरावयाचे, असा तो बेत. २० ऑक्टोबर २०२० रोजी यान सेकंदाला दहा सेंटिमीटर या गतीने टेकले. प्रतिकार असा झालाच नाही. बेळगावच्या बाजारात चुरमुऱ्यांच्या पोत्यात हात घालावा तसा तो हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. मागे फिरण्यासाठी लावलेल्या झोतयंत्रांनी यान परत उचलले, नाही तर ते आणखी रुतत गेले असते. मागे सुमारे आठ मीटर रुंद खड्डा राहिला. डबा इतका गच्च भरला, की झाकणात दगड अडकून थोडा माल बाहेर सांडू लागला.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी कुपी अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात उतरली. साठ ग्रॅम तरी मिळावेत असे उद्दिष्ट होते, १२१.६ ग्रॅम मिळाले. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, सजीव वापरतात त्या वीस अमिनो आम्लांपैकी चौदा त्यात आहेत, आणि खारे पाणी आटून मागे राहणारे सोडियम कार्बोनेटाच्या जातीचे क्षारही आहेत. लोणारच्या खाऱ्या पाण्यातही सोडियमचे कार्बोनेट आहेत, हे वाचून मला गंमत वाटली. अर्थात या दोहोंचा परस्पर संबंध नाही. लोणारचे क्षार लघुग्रहाने आणलेले नव्हेत. बाहेर जावयास वाट नसलेले पाणी विवरात साचते आणि आटते, त्याचे ते फळ आहे. पण पाणी आटले की क्षार मागे राहतात हा नियम बुलढाण्यात जसा लागू तसाच बेन्नूच्या मूळ पिंडातही लागू झालेला होता. एके काळी तेथे पाणी होते, असा याचा अर्थ.

याचा उपयोग काय?

इतका खटाटोप चमचाभर धुळीसाठी कशाला, असे कोणी विचारील. सूर्यमालेचा इतिहास कळावा हे एक उत्तर झालेच. पण लोणार ज्यांनी पाहिले आहे त्यांना दुसरे उत्तर सहज पटेल. तसला एखादा धोंडा पुन्हा पृथ्वीच्या वाटेवर दिसला तर त्याला बाजूला सारावे लागेल, आणि सारावयाचे तर तो कसला बनला आहे हे आधी माहीत हवे. चिऱ्यावर हातोडा मारला तर एक परिणाम होतो, वाळूच्या पोत्यावर मारला तर दुसरा. पोते धक्का गिळून टाकील, की उडालेल्या वाळूच्या प्रतिक्रियेने उलट अधिक मागे सरकेल, हे कागदावर नक्की ठरत नाही.

हा प्रयोग प्रत्यक्ष करून झाला आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ हे अमेरिकन यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने डिमॉर्फस या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. सुमारे १५० मीटर व्यासाचा डिमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फेरी घालीत असे. आघातानंतर ती फेरी सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. केवळ ७३ सेकंदांचा फरक पडला असता तरी प्रयोग यशस्वी म्हटला गेला असता. इतका फरक पडण्याचे कारण म्हणजे तोही ढीगच निघाला. आघाताने उडालेल्या मालाने बंदुकीच्या धक्क्याप्रमाणे त्याला मागे लोटले, आणि नुसत्या यानाच्या धडकेपेक्षा एकूण परिणाम तीन पटींहून अधिक झाला. तेथे पडलेला खड्डा व डिमॉर्फसची अंतर्रचना तपासण्यासाठी युरोपचे ‘हेरा’ यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी रवाना झाले. चीननेही मे २०२५ मध्ये ‘तियानवेन-२’ दुसऱ्या एका पृथ्वीनिकट लघुग्रहाकडे पाठविले.

आणि एक तारीख वाचकांनी आपल्या वहीत लिहून ठेवावी. भारतीय वेळेप्रमाणे १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सुमारे ३४० मीटर व्यासाचा अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. आपले दळणवळणाचे काही उपग्रह याहून दूर फिरतात. घाबरण्याचे कारण नाही. पुढील शंभर वर्षे तरी तो आदळत नाही असे २०२१ मधील रडारच्या मोजणीवरून ठरले आहे. बेन्नूचा नमुना टाकून पुढे गेलेले यान त्याच अपोफिसकडे वळविण्यात आले.

कन्नड मित्राच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. यान उतरले ते जमिनीवर नव्हे, एका ढिगाच्या अगदी वरच्या थरावर. आणि तो थर कसला आहे हे यानाने हात लावीपर्यंत कोणालाही नक्की सांगता येत नव्हते. इरॉस, इटोकावा, ऱ्युगू, बेन्नू, डिमॉर्फस या पाच ठिकाणी मानवाने आजवर स्पर्श केला, आणि प्रत्येक ठिकाणी दुरून बांधलेला काही ना काही अंदाज बदलावा लागला. उरलेल्या हजारोंपैकी पुढे एखादा आपल्या वाटेत आला, तर तो चिरा आहे की चुरमुऱ्यांचे पोते, हे त्याच्यापाशी जाऊनच पाहावे लागेल. त्याचे दुर्बिणीतील चित्र कितीही स्पष्ट असले तरी तेवढ्यावर विसंबून भागणार नाही. आम्ही विज्ञानाचे विद्यार्थी प्रयोगशाळेत जातो तेही याचसाठी. पुस्तकातील आकृती डोळ्यांना पटते. हाताला पटली म्हणजे मगच ती आपली होते.